दाराजवळची खुर्ची

आता डोळे मिटा, पण झोपू नका. कल्पना करा की तुम्ही आजारी पडलात. साधंसुधं नाही, चांगलं तीन आठवडे. अंगावर पांघरूण आहे, तोंडाला चव नाही, आणि खिडकीबाहेरून शाळा सुटल्याचा गलका ऐकू येतोय. पडल्यापडल्या तुम्ही विचार करता, आज हजेरी घेताना बाई माझ्या नावापाशी थांबल्या असतील. डबा खाताना कुणीतरी माझ्या रिकाम्या जागेकडे पाहिलं असेल. एवढ्या विचारानेही बरं वाटतं. मग तुम्ही खरोखरच बरे होता, शाळेत जाता, दप्तर ठेवता. सगळे हसून पाहतात. कुणी रागावलेलं नाही, कुणाशी भांडण नाही. फक्त शेजारचा मुलगा म्हणतो, अरे, तू इतके दिवस पलीकडच्या वर्गात बसत होतास ना? आणि पलीकडच्या वर्गातल्या मुलांना वाटलेलं असतं की तुम्ही या वर्गात आहात. त्या क्षणी पोटात जे काही होतं, ते तिथेच धरून ठेवा. गोष्ट संपेपर्यंत ते आपल्याला लागणार आहे.

ब्रिस्टलमध्ये, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, रघुवीरच्या पोटात नेमकं तेच झालं. तो अडुसष्ट वर्षांचा होता, एका मुलीचा आजोबा होता. पण आपण त्याच्या मनात शिरणार आहोत, आणि मनातल्या मनात कुणी स्वतःला अहो-जाहो करत नाही, म्हणून आपणही त्याला ‘तो’च म्हणू. त्या सकाळी तो क्वेकर मंडळींच्या मीटिंग हाउसमध्ये शिरला. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, पण त्यांच्यात पाद्री नाही, गाणं नाही, मूर्ती नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. खुर्च्या गोल मांडून सगळे तासभर गप्प बसतात. कुणाच्या आतून काही वर आलं आणि दाबलं तरी खाली जाईना, तर तो माणूस उभा राहतो, चार वाक्यं बोलतो आणि बसतो. पुन्हा शांतता. दारात मार्गारेट उभी होती, नेहमीसारखी येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेत. तिने त्याचाही घेतला. “रघुवीर, हाउ लव्हली. कसा झाला तुमचा सण?” कुठला सण, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. “काही रविवार तुम्ही दिसला नाहीत, तेव्हा आम्ही म्हटलं, यांच्याकडे एखादा फेस्टिवल चालू असणार.” तिच्या डोळ्यांत इतकी स्वच्छ माया होती की त्याने मान हलवली. “छान झाला,” तो म्हणाला. मग दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला आणि तासभर त्या सणाकडे पाहत राहिला.

तो सण असा झाला होता. आधी घसा, मग छाती. डॉक्टरांनी चेस्ट इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक्स दिली. ईलिंगहून मुलाचा, पुष्करचा फोन आला, तेव्हा रघुवीरने तोंडापासून फोन लांब धरून खोकून घेतलं आणि सांगितलं, जराशी सर्दी आहे. पहिले काही दिवस त्याला काही सुचत नव्हतं. मग ताप उतरला आणि त्याच्या जागी एक विचित्र गोष्ट आली. तो वाट पाहायला लागला. सकाळी उठून तो केस विंचरायचा. कुणी आलं तर जिना उतरेपर्यंत त्यांना पावसात ताटकळायला नको म्हणून त्याने खालच्या दाराची कडी काढून ठेवली. किटलीत दोन माणसांचं पाणी भरून ठेवलं. पडल्यापडल्या तो कुणाशी काय बोलायचं ते ठरवायचा. मार्गारेट सूप घेऊन येईल, तिला म्हणायचं, कशाला उगाच त्रास घेतलात. तो इतर दिवशी जायचा त्या गुरुद्वाऱ्यातला हरभजन स्टीलच्या डब्यात डाळ घेऊन येईल आणि मोठ्याने हसेल, त्याला म्हणायचं, हळू, शेजारी काय म्हणतील. बुद्धविहारातली ती केस बारीक कापलेली मुलगी काही बोलणारच नाही, नुसती बसेल. बेल एकदाच वाजली. तो एका हाताने भिंत धरत खाली गेला. शेजाऱ्यांचं पार्सल होतं. त्याने ते घेतलं, सही केली, आणि संध्याकाळी शेजारी न्यायला येईपर्यंत ते जिन्याच्या पायरीवर असं ठेवलं, की येता-जाता कुणीतरी बसलंय असं वाटावं.

पुढच्या आठवड्यात तो आपल्या सगळ्या जागांवर एक एक करून जाऊन आला, दात दुखतोय का हे जिभेने चाचपून पाहावं तसा. ईस्टनमधल्या गुरुद्वाऱ्यात हरभजनने लांबूनच हात केला. “आ गए भाईसाब? मैंने कहा, मंदिर में कोई बडा प्रोग्राम होगा.” मंदिरातले पुजारी म्हणाले, “अंकल, आम्हाला वाटलं तुम्ही हल्ली तिकडेच, चर्चमध्ये.” विहारातल्या मुलीला वाटलं होतं तो हिवाळाभर इंडियाला गेलाय. कॅथीड्रलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला काळा झगा घातलेल्या म्हाताऱ्याने नुसती मान लववली, पण ती तो सगळ्यांसाठीच लववतो, पर्यटकांसाठीसुद्धा. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. प्रत्येकाने त्याला मोठ्या मनाने दुसऱ्याच्या पदरात घातलं होतं. घरी येऊन त्याने जुना मित्र यतीन याला फोन केला आणि हसत हसत हे सगळं सांगितलं. यतीनही पोट धरून हसला. “रघ्या, तू म्हणजे गावातल्या सगळ्या लग्नांना हजर. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. जेवण मात्र दोन्हीकडे.” मग यतीनने विचारलं, “आजारी होतास तर मला का नाही सांगितलंस?” “तू लीड्सला. तू काय करणार होतास?” “शिव्या दिल्या असत्या,” यतीन म्हणाला. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ रघुवीर त्या न मिळालेल्या शिव्यांचा विचार करत राहिला.

असं नव्हे की तो मौज म्हणून हिंडत होता. त्याची बायको, नंदा, होती तोवर हे हिंडणं थोडं थोडंच होतं, आणि ती त्याला ‘फेऱ्या’ म्हणायची. “तुम्हाला एक देव पुरत नाही, त्याला मी काय करू,” असं म्हणत ती स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या देवांना दोन फुलं वाहायची आणि कामाला लागायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. क्रिमेटोरियममध्ये पुष्करने फोनवरून एक भजन लावलं होतं, आणि ऐन मधल्या ओळीत फोनचं आणि स्पीकरचं काहीतरी बिनसलं. भजन तुटलं. पुष्कर गडबडून बटणं दाबत होता. बाकी कुणी हललं नाही. त्या तुटलेल्या जागेत, शवपेटीपुढचा पडदा सरकायच्या आधी, रघुवीरला स्पष्ट जाणवलं की कुणीतरी ऐकतंय. देव, असा शब्द त्याच्या मनात आला नाही. नंदा, असाही नाही. नुसतं ऐकणं. खोलीभर, छतापर्यंत भरलेलं, कान नसलेलं ऐकणं. मग स्पीकर चालू झाला आणि ते गेलं. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय म्हणणार होता? पण तेव्हापासून तो त्यालाच शोधत होता, आणि तुकड्यातुकड्यांत ते त्याला सापडतही होतं. कॅथीड्रलमध्ये प्रार्थना गाणाऱ्या एखाद्या पोराचा उंच सूर थांबून दगडात जिरायचा, तेव्हा. गुरुद्वाऱ्यात पेटीचा भाता मिटायचा आणि पुढचा शबद, म्हणजे पुढचं भजन, सुरू व्हायचं असायचं, तेव्हा. विहारात श्वास बाहेर जाऊन दुसरा आत यायच्या आधीच्या फटीत. आणि सगळ्यांत जास्त इथे, क्वेकरांच्या गोलात, हीटिंगचा पाइप मध्येच टकटक करून गप्प व्हायचा, तेव्हा. एकाच ठिकाणी का जात नाहीस, असं त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याच्याकडे उत्तर होतं. त्याला भीती वाटायची. एक दार आपलं म्हटलं, की बाकीच्या दारांआडचं ऐकणं बंद होईल. आणि नेमकं ते चुकीचं दार निघालं तर?

पण त्या आठवड्यानंतर भीतीची जागा बदलली. पुष्कर गेली दोन वर्षं म्हणत होता, “बाबा, इकडे या. वरची खोली रिकामी आहे. ईलिंगमध्ये सगळं आहे. मंदिर आहे, गुरुद्वारा आहे, ताजी मेथी मिळते. तिथे तुमचं कोण आहे?” आणि दर वेळी रघुवीर ताठ आवाजात सांगायचा, “माझी माणसं आहेत इथे.” हे वाक्य त्याला इतकं आवडायचं, की फोन ठेवल्यावरही ते काही वेळ अंगावर शालीसारखं राहायचं. आता पुष्करचा पुन्हा फोन आला. हाफ-टर्मच्या सुट्टीत पुष्कर आणि त्याची बायको ऋजुता कार्डिफला एका लग्नाला निघाले होते, वाटेत मुलीला, निधीला, रघुवीरकडे सोडणार होते, रविवारी दुपारी परत न्यायला येणार होते. “आणि बाबा, सोमवारी एजंट विक्रीसाठी घराचे फोटो काढायला येऊ शकतो. मी त्याला हो म्हणू का? रविवारपर्यंत सांगा. जबरदस्ती नाही.” रघुवीरने तोंड उघडलं. ते वाक्य होतं तिथेच होतं, पण उचलायला गेला तर हाताला काही लागेना. “रविवारी सांगतो,” तो म्हणाला.  दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

निधी आली ती एक मोठी सॅक आणि भिजलेले बूट घेऊन. ती नऊ वर्षांची होती. ईलिंगमध्ये जन्मलेली, मराठी बोलायची ती अशी की सगळे शब्द हजर, पण रांगेत कुणी नीट उभं नाही. रघुवीरला ते मराठी फार आवडायचं आणि तो ते कधी दुरुस्त करायचा नाही. शनिवारी त्याने तिला फिल्टनला, विमानांच्या कारखान्यापाशी नेलं, जिथे त्याने सगळी नोकरी केली होती. आत जाता येत नव्हतं, म्हणून कुंपणापाशी उभं राहून त्याने तिला सांगितलं की त्याचं काम विमानाचे पंख दमवायचं होतं. मोठ्या शेडमध्ये पंख बांधायचा आणि यंत्राने वाकवायचा, सोडायचा, वाकवायचा, सोडायचा, महिनोन्महिने, तो थकून कुठे तडकतो ते पाहायचं. “पुअर विंग,” निधी म्हणाली. “कुठे तुटतो?” “बहुतेक वेळा जोडापाशी. जिथे खिळा मारून एक पत्रा दुसऱ्याला जोडलेला असतो ना, तिथे.” हे वाक्य त्याने शेकडो वेळा शिकाऊ पोरांना सांगितलं होतं. आज ते त्याने स्वतःही ऐकलं. जिथे जोड नाही तिथे भेग नाही. दाराजवळची खुर्ची. मीटिंगनंतरच्या चहाच्या आधी निघणं. कुणाला आपला नंबर न देणं. नंदा गेल्यावर त्याने स्वतःचा एकही नवा जोड होऊ दिला नव्हता. पण नुसत्या सुट्या, कोऱ्या, न तडकलेल्या पत्र्यांचं विमान होत नाही, हेही कुणी त्याला शिकवायची गरज नव्हती. वारा सुटला होता. निधीने त्याच्या कोटाच्या खिशात स्वतःचा हात घातला, तिच्या हातमोज्यासकट.

बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. निधीने काचेवर श्वास सोडून बोटाने एक मासा काढला आणि विचारलं, “आजोबा, पप्पा म्हणतो तू पाच गॉड्सकडे जातो. मंगळवारचा वेगळा, रविवारचा वेगळा. खरी?” “खरं आहे.” “मग तुझा जॉब काय आहे तिकडे?” त्याला कळलं नाही. “जॉब म्हणजे?” “अरे, जॉब. मी क्लासमध्ये प्लांट मॉनिटर आहे. झाडांना पाणी घालते. हेन्री दूध वाटतो. मी नाही आली ना, तर दुपारी झाडं अशी होतात.” तिने मान खाली टाकून दाखवली. “मग मिस म्हणते, व्हेअर इज निधी? एकदा माझी टमी दुखत होती ना, तर मिसने मम्माला फोन केला. झाडांसाठी.” “झाडांसाठी की तुझ्यासाठी?” “दोन्ही सेम आहे,” निधी म्हणाली, आणि माशाला डोळा काढला.

बस टेकडी उतरत होती, खाली रंगीत घरांच्या रांगा ओल्या होऊन चमकत होत्या, आणि रघुवीरच्या मनात इतक्या वर्षांनी एक शिडी उभी राहिली. बांबूची, पायऱ्यांना सुतळी गुंडाळलेली. त्याचे वडील नागपूरला वायरमन होते. सगळे त्यांना नाना म्हणायचे. दिवसा सरकारी खांब, संध्याकाळी ज्याचा सण त्याची रोषणाई. दर्ग्याचा उरूस आला की नाना तिथे, नाताळात चर्चच्या उंच खिडकीपाशी नाना, दसऱ्याच्या आधी विहारावर निळे-पांढरे दिवे सोडायला नाना, गणपतीत तर त्यांना घरी जेवायला सवड नसायची. छोटा रघुवीर सायकलच्या दांडीवर बसून सगळीकडे जायचा. एक खटका दाबला की अंधारातून अख्खी इमारत उजेडाची होऊन बाहेर यायची, आणि जमलेल्या माणसांच्या तोंडून एकच श्वास निघायचा. तो श्वास सगळीकडे सारखाच असायचा. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं की वडिलांनी आपल्याला तो उजेड दिला, म्हणूनच आपण कुठल्याही देवाच्या दारात परके नसतो. आत्ता बसमध्ये त्याला दुसरंच काही आठवत होतं. नाना पोचायच्या आधीचं. कोपऱ्यावर उभी असलेली माणसं. कुणीतरी ओरडायचं, “नाना आले,” आणि एक जण सायकल धरायचा, एक जण शिडी, एक जण पाणी आणायचा. एकदा नानांना मलेरिया झाला, तर उरसाची आणि शाळेच्या गॅदरिंगची अशी दोन्हीकडची माणसं एकाच संध्याकाळी घरी आली, आणि खाटेपाशी बसायला जागा पुरेना म्हणून आईने पाट मांडले. नानांचा खरा देव कोणता, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. नानांनीही नसेल विचारलं. इतकी वर्षं त्याला आठवत राहिले ते छतावरचे दिवे. शिडी तो विसरूनच गेला होता.

रविवारी सकाळी निधी मीटिंग हाउसमध्ये यायला एका पायावर तयार झाली. वाटेत त्याने तिला सांगितलं, “गप्प बसायचं. आतून काही आलं आणि राहवलं नाही, तरच उभं राहून बोलायचं.” “तुझ्या आतून काय येते?” “अजून काही आलं नाही.” “फोर इयर्स?” निधीने त्याच्याकडे खरोखरच्या काळजीने पाहिलं. दारात मार्गारेटने तिचाही हात हातात घेतला. “आणि तू म्हणजे नात. तुझ्या आजोबांचा सण छान झाला ना?” रघुवीर कोटाची बटणं काढत होता. निधी म्हणाली, मार्गारेटच्याच इंग्रजीत, अगदी सरळ, “सण नव्हता. ते आजारी होते. फ्रिजवर औषधाचा बॉक्स आहे. ते अजून रात्री खोकतात, मला भिंतीतून ऐकू येतं.” मार्गारेटने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा इतका हळूहळू बदलला, की त्यालाच तिची दया आली. “पण तुम्ही सांगितलं का नाही?” ती म्हणाली. तुम्ही विचारलं का नाही, हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं, तीन आठवडे पडल्यापडल्या घासून तयार झालेलं. पण त्याच्या आधी तीच बोलली, आवाज खाली आणून, “मी दोनदा तुमचा नंबर मागितला होता, रघुवीर. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, पुढच्या रविवारी देतो. मग मला वाटलं, तुम्हाला नको असेल.” त्याच्यामागे माणसं खोळंबली होती. तो बाजूला झाला.

त्याने आणि निधीने दाराजवळच्या दोन खुर्च्या घेतल्या. शांतता आली, पण त्या दिवशी ती त्याला लागली नाही. दाराच्या फटीतून वारा त्याच्या घोट्यांवर येत होता, आणि हा वारा इथे नेहमीच होता, फक्त आज तो जाणवला. पहिल्याच वर्षी. म्हणजे तीन-साडेतीन वर्षं ही बाई दर रविवारी त्याचा हात हातात घेत होती आणि मनात धरून होती की याला आपण नको आहोत. हरभजननेही एकदा म्हटलं होतं, सकाळी रोट्यांना माणूस कमी पडतो, या ना. तेव्हा रघुवीर हसून म्हणाला होता, मला कुठे गोल लाटता येते. ऐकणारं कुणीतरी आहे का, हे शोधत तो शहरभर हिंडला होता, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांना सगळीकडे छान हसून दाखवून निघून आला होता. मग आता? ईलिंगची वरची खोली. तिथेही एक मंदिर, एक गुरुद्वारा, तिथेही दाराजवळ खुर्ची असेलच. त्याने पाहिलं, समोर एक म्हातारा हात मांडीवर उताणे ठेवून डोळे मिटून बसला होता. पाइप टकटकला आणि थांबला. रघुवीरच्या छातीत काहीतरी वर आलं. त्याने वाट पाहिली, ते शब्द होईल म्हणून. तो खोकला होता. सगळ्या खोलीत तो एकटाच खोकत राहिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि निधीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वर-खाली, झाडाला पाणी घालावं तसा नेमाने. कुणी वळून पाहिलं नाही. पण कुणीतरी उठलं, आवाज न करता पाण्याचा ग्लास आणून त्याच्या खुर्चीपाशी ठेवला आणि परत गेलं. कोण ते त्याला दिसलं नाही. डोळे पुसेपर्यंत सगळे पुन्हा तसेच बसलेले होते.

तास संपला. माणसांनी शेजाऱ्यांशी हात मिळवले, सूचना झाल्या, खुर्च्या सरकल्या, आणि पलीकडच्या स्वयंपाकघरातून कपांचा आवाज यायला लागला. ही त्याची निघायची वेळ. त्याने सवयीने कोट चढवला. खिशात फोन थरथरला. पुष्करचा मेसेज होता, ‘निघालो. दोनपर्यंत पोचतो. काय ठरवलं?’ रघुवीरने उत्तर लिहायला घेतलं. ‘एजंटला हो’ इतकं लिहून झालं. पुढचा शब्द लिहायला अंगठा हलेना. हो लिहिणं सोपं होतं. नाही लिहायचं तर त्याच्यामागे ते वाक्य लागणार होतं, माझी माणसं आहेत इथे, आणि खोटं बोलायचं नव्हतं, निदान आज. त्याने वर पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

निधी स्वयंपाकघरात होती. मधलं दार सताड उघडं होतं, आणि दाराच्या चौकटीतून तिचा निळा स्वेटर दिसत होता. तो उताण्या हातांचा म्हातारा आता सिंकपाशी कोपरापर्यंत फेसात उभा होता, आणि त्याच्या बाजूला धुतलेल्या कपांचा इतका ढीग झाला होता की नवा ठेवायला जागा नव्हती. निधी खोक्यावर चढून उभी होती. तिने बाह्या वर केल्या होत्या आणि एक एक कप पुसून मार्गारेटच्या हातात देत होती. मार्गारेट तिला काहीतरी विचारत होती. निधीने मान हलवली आणि पुसायचं थांबवून बाहेरच्या माणसांत कुणाला तरी शोधलं. कोट घातलेला, फोन हातात धरलेला, दाराशी उभा असलेला आजोबा तिला दिसला. तिने त्याला हाक मारली नाही, खुणावलंही नाही. आपला कप खाली ठेवला, ओव्हनच्या दांडीवरचं दुसरं फडकं ओढून घेतलं, त्याचा बोळा केला, आणि मधे चहा पीत उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यांवरून ते त्याच्याकडे फेकलं.